जूनटीन्थ : १९ जूनच्या स्वातंत्र्यदिनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मे संपत आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत आणि मंडळांच्या ग्रुपवर हेच प्रश्न फिरू लागतात. १९ तारखेला ऑफिस बंद का? बागेत ती मिरवणूक कसली? आपण गेलं तर चालेल का? भारतातून आलेले आईवडीलही विचारतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

जूनटीन्थ म्हणजे नेमकं काय?

१९ जून १८६५ रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरात अमेरिकी सैन्याचे मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी एक हुकूम काढला : टेक्सासमधले सगळे गुलाम मुक्त आहेत. तेव्हा त्या राज्यात सुमारे अडीच लाख माणसं गुलामीत होती. त्या दिवसाचा हा सण. ‘जून’ आणि ‘नाइन्टीन्थ’ हे शब्द बोलताबोलता एकमेकांत मिसळले आणि जूनटीन्थ झालं. जुनी माणसं जुबिली डे किंवा इमॅन्सिपेशन डे असंही म्हणतात.

गुलामांना मुक्त करणारा अध्यक्ष लिंकनचा जाहीरनामा तर १८६३ चा. मग टेक्सासला बातमी पोचायला अडीच वर्षं लागली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चुकीची उत्तरंही याचीच मिळतात. बातमी घेऊन निघालेला स्वार वाटेत मारला गेला, खेचर फार हळू चाललं, अशा गोष्टी ऐकायला मिळतात. ऐकायला बऱ्या आहेत, पण खऱ्या नाहीत. तारायंत्र होतं, वर्तमानपत्रं होती. टेक्सासच्या मळेवाल्यांना जाहीरनामा माहीत होता आणि पुष्कळ गुलामांच्याही कानावर तो आला होता.

अडचण बातमीची नव्हती, अंमलबजावणीची होती. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा गुलामगिरी टिकवण्यासाठी केंद्राशी युद्ध करणाऱ्या दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांना लागू होता, आणि तिथे तो लागू करायचा तर केंद्राचं सैन्य तिथवर पोचायला हवं होतं. टेक्सास या यादवी युद्धाच्या कडेला राहिलं. उलट लुइझियाना, मिसिसिपीकडचे मालक आपले गुलाम हाकत टेक्सासमध्ये घेऊन आले, कारण उत्तरेचं सैन्य तिथे नव्हतं. ९ एप्रिल १८६५ ला बंडखोरांचे सेनापती जनरल ली यांनी व्हर्जिनियात शरणागती पत्करली, पण मिसिसिपी नदीच्या पलीकडच्या बंडखोर फौजेच्या शरणागतीवर २ जूनला सही झाली. त्यानंतर ग्रेंजर सुमारे दोन हजार सैनिकांसह गॅल्व्हेस्टनला उतरले. सैन्यात कृष्णवर्णीय पलटणीही होत्या, आणि बंदुका हातात असलेले काळे शिपाई पाहणं हीच अनेकांसाठी पहिली खरी बातमी होती.

तरीही काही मालकांनी हंगामाचा कापूस वेचून होईपर्यंत हुकूम दाबून ठेवला. १९३६ ते १९३८ मध्ये केंद्र सरकारच्या एका प्रकल्पात, एकेकाळी गुलाम असलेल्या दोन हजारांहून जास्त वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. मालकाने अंगणात सगळ्यांना गोळा करून कागद वाचून दाखवला, हा प्रसंग त्यांत पुन्हा पुन्हा येतो, आणि प्रत्येकाची तारीख वेगळी असते.

मग अमेरिकेतली गुलामगिरी १९ जूनला संपली असं म्हणता येईल?

कायद्याच्या दृष्टीने नाही. केंटकी आणि डेलावेअर ही राज्यं बंडात नव्हती, त्यामुळे जाहीरनामा त्यांना लागूच नव्हता. तिथली गुलामगिरी ६ डिसेंबर १८६५ ला तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाल्यावर संपली. त्या दुरुस्तीतही एक फट राहिली : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. दक्षिणेतल्या राज्यांनी या फटीचा मनसोक्त फायदा घेतला. बेकार फिरणं हाच गुन्हा ठरवून माणसं पकडायची आणि कैदी म्हणून मळ्यांना, खाणींना भाड्याने द्यायची.

ग्रेंजर यांच्या हुकमात काय लिहिलं होतं?

तो ‘जनरल ऑर्डर नंबर ३’ म्हणून ओळखला जातो. जेमतेम एका परिच्छेदाचा आहे, पण दोन तोंडांनी बोलतो. सुरुवातीला स्पष्ट सांगतो की सगळे गुलाम मुक्त आहेत, आणि पूर्वीचे मालक व गुलाम यांच्यात व्यक्तिगत व मालमत्तेच्या हक्कांची संपूर्ण समानता राहील. १८६५ च्या टेक्सासमध्ये हे वाक्य म्हणजे वीज पडल्यासारखं होतं. गॅल्व्हेस्टनमध्ये जिथे ग्रेंजर यांचं मुख्यालय होतं तिथल्या भिंतीवर २०२१ साली भलंमोठं चित्र रंगवलं, त्याला ‘संपूर्ण समानता’ हेच नाव दिलं आहे.

पण पुढची वाक्यं वाचा. मुक्त झालेल्यांनी आहेत त्याच घरी शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं, असा सल्ला. लष्करी ठाण्यांवर गर्दी करू दिली जाणार नाही, आणि रिकामटेकड्यांना पोसलं जाणार नाही, अशी तंबी. दोनशे-अडीचशे वर्षं ज्यांच्या फुकटच्या श्रमावर सगळा डोलारा उभा राहिला, त्यांना आळसाबद्दल तंबी!

बऱ्याच गावांत सणाच्या दिवशी हा हुकूम मोठ्याने वाचतात, आणि शेवटच्या वाक्याला गर्दीतून हमखास कुत्सित हसू उमटतं. ग्रेंजर यांनी तो एका वाड्याच्या बाल्कनीतून स्वतः वाचला, असंही सांगतात; त्याला त्या वेळचा पुरावा मात्र सापडत नाही.

सण साजरा करायला सुरुवात कोणी केली?

ज्यांची सुटका झाली त्यांनीच, आणि लगेच पुढच्या वर्षी, १८६६ पासून. चर्चमध्ये प्रार्थना, जाहीरनाम्याचं वाचन, मिरवणूक, मग सगळ्यांनी मिळून जेवण. सरकारचा यात काडीचाही हात नव्हता. विकल्या गेलेल्या मुलाबाळांचा, भावंडांचा पत्ता लागतो का, हे विचारण्याचीही ती जागा होती. दूरवरून माणसं यायची, नावं सांगायची, कोणी ओळखतं का बघायची.

अडचण जागेची आली. शहरांतल्या सार्वजनिक बागा काळ्यांना खुल्या नव्हत्या. ह्यूस्टनमध्ये १८७२ साली रेव्हरंड जॅक येट्स आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून १० एकर जमीन विकत घेतली, खास या सणासाठी. त्यांतले काहीजण थोड्याच वर्षांपूर्वीपर्यंत स्वतः गुलाम होते. तीच आजची इमॅन्सिपेशन पार्क. पुढे ती शहराकडे गेली, आणि १९२२ ते १९४० या काळात त्या भागात कृष्णवर्णीयांना खुली असलेली ती एकमेव सार्वजनिक बाग होती. आजही १९ जूनला तिथे गेलात तर घराण्यांचे तंबू ठरलेल्या झाडांखालीच लागतात.

टेक्सासमध्येच मेक्सिया नावाचं एक लहान गाव आहे. तिथेही १८९८ मध्ये लोकांनी नदीकाठी जमीन घेतली आणि पुढे वाढवली. विसाव्या शतकात तिथे जूनटीन्थला हजारोंनी माणसं जमायची, शिकागो-कॅलिफोर्नियाला गेलेली कुटुंबं वर्षाची सुट्टी राखून ठेवून यायची. १९ जून १९८१ च्या रात्री पोलिसांनी ताब्यात घेतलेले तीन काळे तरुण होडी उलटून तळ्यात बुडाले. अधिकाऱ्यांवर खटला झाला, ते सुटले. त्यानंतर त्या गावची गर्दी ओसरली ती पूर्वीसारखी परत आली नाही. मुक्तीच्या सणातही अशी पानं आहेत, आणि तिथली माणसं ती वगळून सांगत नाहीत.

टेक्सासचा सण देशभर कसा झाला?

माणसांबरोबर गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. टेक्सासची बरीचशी लॉस एंजेलिस, ओकलंड, सिएटलकडे गेली आणि सण सोबत नेला. मध्ये तो बराच मंदावलाही : शहरातला गोरा मालक १९ जूनला रजा देत नसे, आणि नव्या पिढीतल्या काहींना गुलामीची आठवणच नकोशी वाटे.

१९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर गरिबांच्या मोर्चाची मोठी सभा वॉशिंग्टनला झाली, ती नेमकी १९ जूनला. तिथून परतलेल्यांनी आपापल्या गावी सण सुरू केला असं सांगतात. मिलवॉकीची मिरवणूक १९७१ पासून चालू आहे, आणि ‘आमची देशातल्या जुन्यांपैकी’ हे तिथली माणसं तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतात.

गावोगावच्या कार्यक्रमात असतं तरी काय?

गावागणिक वेगळं. गॅल्व्हेस्टनला रीडी चॅपल या जुन्या चर्चपर्यंत चालत जातात. टेक्सासच्या आतल्या भागात घोडेस्वारांचे तांडे येतात आणि रोडिओ होतो. काळ्या काउबॉयची परंपरा सिनेमाने लपवली, इथे ती डोळ्यांसमोर दिसते. शहरांत शाळेचे बॅंड, चर्चचे गायक, बेसबॉल, डोमिनोचे डाव, मिस जूनटीन्थची स्पर्धा. या स्पर्धेत मुलींना शिष्यवृत्ती मिळते, त्यामुळे घरंच्या घरं तयारीला लागतात. मतदार नोंदणीचं टेबल आणि रक्तदाब तपासणीचा तंबू जवळपास सगळीकडे दिसतो.

मला विचाराल तर सगळ्यात पाहण्यासारखं असतं ते कौटुंबिक संमेलन. चार पिढ्या, एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर आडनाव आणि मूळ पुरुषाचं किंवा बाईचं नाव. त्या नावाच्या मागे जायचा प्रयत्न केला तर बहुतेकांचा माग १८७० पाशी अडतो, कारण त्याआधीच्या जनगणनेत गुलामांची नावं नसत. मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण, एवढंच लिहिलेलं असे.

जेवणात सगळं लाल का?

लाल सरबत, लाल सोडा, कलिंगड, लाल सॉसेज, रेड व्हेल्व्हेट केक. सांडलेल्या रक्ताची आणि टिकून राहण्याची खूण, असं घरोघरी सांगतात. अन्नाचे अभ्यासक पश्चिम आफ्रिकेकडे बोट दाखवतात : तिथे पाहुण्याला कोलाचं फळ आणि लाल पेय देण्याची जुनी रीत आहे. त्यातलं एक पेय ज्या झाडापासून बनतं ते आपल्या ओळखीचं आहे. ती लाल अंबाडी. आपण पानांची भाजी करतो, विदर्भात लाल बोंडांचं सरबतही करतात. सेनेगलमध्येही त्याच बोंडांचं सरबत पितात. कुठल्या तरी तंबूत आजीबाईंच्या हातचं मिळालं तर सोडू नका, डब्यातल्या लाल सोड्याला ती चव नाही.

बाकी पंगत बार्बेक्यूची. ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीकडचं मांस, रात्रभर मंद आचेवर असतं. शाकाहारी माणसाने मक्याचं कणीस, बटाट्याचं सॅलड, रताळ्याचा ‘पाय’ (pie) यांवर भागवावं; पालेभाजी घेण्याआधी विचारा, तिच्यात बहुधा मांस असतं.

तो लाल-निळा झेंडा कुठला?

१९९७ मध्ये बेन हेथ यांनी कल्पिलेला. मध्ये पांढरा तारा, म्हणजे टेक्सासचा एकटा तारा आणि मुक्त झालेली माणसंही. त्याभोवती स्फोटासारखी रेघ, नवा आरंभ. खाली कमान, नवं क्षितिज. रंग मुद्दाम अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाचेच ठेवले, कारण ते गुलाम आणि त्यांची मुलं अमेरिकनच होती. काही ठिकाणी लाल-काळा-हिरवा झेंडाही दिसतो. तो वेगळा, सर्व आफ्रिकी वंशीयांचा.

राष्ट्रीय सुट्टी कधी मिळाली?

टेक्सासने १९७९ मध्ये कायदा केला, आमदार अल एडवर्ड्स यांच्या पाठपुराव्याने, आणि १९८० पासून राज्याची सुट्टी झाली. देशाची सुट्टी व्हायला आणखी चाळीस वर्षं गेली. १७ जून २०२१ ला अध्यक्ष बायडन यांनी सही केली. प्रतिनिधिगृहात मतं ४१५ विरुद्ध १४, आणि सिनेटमध्ये कोणी विरोध केला नाही.

यात ओपल ली यांचं नाव घ्यावंच लागतं. फोर्ट वर्थच्या निवृत्त शिक्षिका, जन्म १९२६ चा. १९ जून १९३९ ला गोऱ्यांच्या जमावाने त्यांच्या कुटुंबाचं नवं घर जाळलं, तेव्हा त्या १२ वर्षांच्या होत्या. २०१६ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्या या सुट्टीच्या मागणीसाठी फोर्ट वर्थहून वॉशिंग्टनकडे निघाल्या. गावोगावी अडीच मैल चालायच्या, उशिराच्या अडीच वर्षांसाठी. आजही अनेक शहरांत त्या दिवशी अडीच मैलांची चाल असते. २०२४ मध्ये, घर जाळलं होतं त्याच जागेवर त्यांना नवं घर बांधून मिळालं.

सगळ्यांना सुट्टी असते का?

नाही. केंद्रीय कार्यालयं, टपाल बंद. न्यूयॉर्कचा शेअर बाजारही २०२२ पासून बंद असतो. खासगी कंपनीवर सक्ती नाही. व्हिसा किंवा पासपोर्टचं काम अडलं असेल तर तो दिवस धरू नका.

या तारखेशिवाय दुसरे मुक्तिदिन आहेत का?

आहेत, आणि तिथली माणसं ते सोडायला तयार नाहीत, हे मला फार आवडतं. वॉशिंग्टन शहराचा १६ एप्रिल, कारण तिथले गुलाम १८६२ लाच सुटले. फ्लोरिडात २० मे. केंटकी-टेनेसीच्या काही भागांत ८ ऑगस्ट. एकेकाळी ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या कॅरिबियन बेटांवर १ ऑगस्ट. प्वेर्तो रिकोत २२ मार्च. आणि मेक्सिकोच्या कोआव्हिला राज्यात नासिमिएन्तो नावाचं गाव आहे, तिथले मास्कोगो लोक, म्हणजे अमेरिकेतून सीमेपलीकडे गेलेल्या काळ्या सेमिनोल लोकांचे (सेमिनोल या आदिवासी जमातीसोबत राहिलेल्या कृष्णवर्णीयांचे) वंशज, १९ जूनच पाळतात. मेक्सिकोने १८२९ मध्येच गुलामी बंद केली होती, त्यामुळे टेक्सासचा पळालेला गुलाम उत्तरेला नाही, दक्षिणेला धावायचा.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे, की आपण ओढूनताणून जोडतो?

दोन संबंध आहेत, दोन्ही पक्के. एक अभिमानाचा, एक नाही.

१८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं आणि ते अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांना सोडवण्यासाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा, अशी आशाही तिथेच लिहिली. ह्यूस्टनची बाग घेतल्याला तेव्हा एकच वर्ष झालं होतं. पुण्यात बसलेल्या माणसाने हे युद्ध कुठल्या नजरेने पाहिलं, ते अर्पणपत्रिकेच्या चार ओळींत कळतं. पुढे बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या शेजारीच. आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ च्या दलित पॅंथरचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पॅंथरवरून आलं, हे सांगायला नको.

दुसरा संबंध कापसाचा. अमेरिकेतलं युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, इंग्लंडमधल्या लॅंकेशरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशांचा पूर. बॅंका, भराव कंपन्या, शेअरचा सट्टा. गुलामांची सुटका जवळ येऊ लागली तसे मुंबईचे भाव ढासळू लागले. ग्रेंजर यांच्या हुकमानंतर बाराच दिवसांनी, १ जुलै १८६५ ला, मुदतीचे सौदे पुरे करायची वेळ आली आणि बाजार झोपला. शांतता झाली म्हणून आपल्याकडचे शेठ बुडाले. शहराचा इतिहास सांगताना ही बाजू सहसा कोणी १९ जूनला जोडत नाही.

आम्ही भारतीय. गेलं तर चालेल का?

चालेल. सार्वजनिक कार्यक्रमाला कोणीही अडवत नाही, उलट बोलावून जेवायला बसवतात. भीमजयंतीला वस्तीत गेलेल्या बाहेरच्या माणसाने जसं वागावं तसं वागा : स्टेजकडे घुसू नये, भाषणं ऐकावीत, जेवणाला नाही म्हणू नये. ‘हॅपी जूनटीन्थ’ म्हटलेलं चालतं. कुटुंबाच्या तंबूचे फोटो न विचारता काढू नका. आणि ‘आमच्याकडेही इंग्रजांनी असंच केलं’ हे सांगायची घाई नको. सांगायचंच असेल तर आपल्या जातींबद्दलही विचारलं जाईल, तयारी ठेवा.

आमच्या मंडळाने स्वतःचा कार्यक्रम ठेवावा का?

माझं मत, नको. गणपतीच्या हॉलमध्ये झेंडा लावून तीन भाषणं आणि समोसे, यात कोणाचं काय साधतं? २०२२ मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीने जूनटीन्थच्या नावाचं आइस्क्रीम काढलं आणि लोकांनी इतकं सुनावलं की ते मागे घ्यावं लागलं. राग सणात सामील झाल्याचा नव्हता, नाव वापरून गल्ला भरण्याचा होता. मंडळाला करायचंच असेल तर जवळच्या आयोजकांना फोन करा आणि काय हवं ते विचारा. बहुधा उत्तर येतं : पाणी, बर्फ, सावलीचे तंबू आणि सकाळी खुर्च्या मांडायला, संध्याकाळी कचरा उचलायला माणसं. देणगी द्यायची तर बॅनरवर नाव न मागता द्या.

४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, पर्याय म्हणून हा सण आहे का?

बहुतेक घरं दोन्ही करतात. पण ४ जुलैबद्दल प्रश्न जुनाच आहे. गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ मध्ये रॉचेस्टरला भाषण करताना विचारलं होतं की गुलामाला तुमचा ४ जुलै काय सांगतो? काही गावांत या भाषणाचं सामूहिक वाचन होतं.

लहान मुलांना न्यावं का?

न्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढं पुरे : माणसं विकत घेत, ते थांबलं, त्याचा हा आनंद. मोठ्यांना हुकूम पूर्ण वाचून दाखवा, शेवटच्या तंबीसकट. प्रश्न ती स्वतःच विचारतात.

कार्यक्रम कुठे आहे हे कसं शोधायचं, आणि किती वाजता जायचं?

शहराच्या बाग विभागाचं पान, सार्वजनिक वाचनालय आणि जवळचं कृष्णवर्णीयांचं चर्च, या तीन ठिकाणी चौकशी केली की समजतं. बऱ्याच गावांत मुख्य कार्यक्रम १९ ला नसून लगतच्या शनिवारी असतो, तारीख बघून घ्या. टेक्सासमध्ये जाणार असाल तर टोपी, पाणी आणि घडीच्या खुर्च्या न्या. जूनचं ऊन आपल्या नागपूरच्या मे महिन्याला लाजवत नसलं तरी दमटपणा जीव काढतो. गाणी आणि जेवण रात्रीपर्यंत चालतं, पण जाहीरनाम्याचं आणि हुकमाचं वाचन बहुधा सकाळीच उरकतं. दुपारी पोचलात तर ते हुकलेलं असेल.